मर्जिनाचे नाव मुखपृष्ठावर का नाही?

अलीबाबाच्या गोष्टीत अलीबाबा नेमके काय करतो? झाडावर चढून बसतो, दोन शब्द ऐकतो, गुहेतले सोने गाढवांवर लादतो आणि घरी येतो. बस्स. पुढची सगळी गोष्ट घरातली एक गुलाम मुलगी निभावून नेते. तिचे नाव मर्जिना.

गुहेत अडकून मेलेल्या कासीमच्या देहाचे चार तुकडे घरी येतात, तेव्हा काय करायचे हे तिलाच सुचते. ती औषधवाल्याच्या दुकानात जाऊन घरात कुणीतरी अत्यवस्थ असल्याची बतावणी करते, म्हणजे मरण शेजाऱ्यांना स्वाभाविक वाटावे. म्हाताऱ्या मुस्तफा चांभाराला डोळ्यांवर पट्टी बांधून आणते आणि देह शिवून घेते. चोराने दारावर खडूची पांढरी खूण केली, तर ही आजूबाजूच्या दारांवर तशाच खुणा करून ठेवते. दुसऱ्या खेपेला खूण लाल असते, तीही ती हेरते. रात्री दिव्यातले तेल संपते म्हणून ती पाहुण्या व्यापाऱ्याच्या बुधल्यांकडे जाते आणि आतून दबक्या आवाजात प्रश्न येतो. ती किंचाळत नाही. शांतपणे उत्तर देते, तेल उकळवते आणि ३७ जणांचा निकाल लावते. शेवटी वेश पालटून आलेला सरदार जेवणात मीठ नको म्हणतो, तिथेच तिला शंका येते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर हात उगारायचा नाही, हा संकेत तिला ठाऊक आहे. ती खंजीर घेऊन नाचायला उभी राहते आणि नाचता नाचता त्याचा काटा काढते.

आता हिशेब करा. चाळीसपैकी दोघांना कामात चुकले म्हणून टोळीनेच मारले. उरलेले ३८ मर्जिनाचे. अलीबाबाच्या खात्यावर शून्य. तरी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कुठल्याही पोरांच्या पुस्तकावर नाव ‘अलीबाबा आणि चाळीस चोर’. चोरांनासुद्धा मुखपृष्ठावर जागा मिळाली, तिला नाही. बंगाल्यांनी तेवढी कदर केली. १९७३ मध्ये तिथे ‘मर्जिना अब्दल्ला’ नावाचा सिनेमा आला. आपल्याकडे १९८० च्या हिंदी सिनेमात हेमामालिनीने मर्जिना केली, पण नाव पुन्हा अलीबाबाचेच.

हे सगळे आठवण्याचे कारण माझी भाची. ती नंदुरबारला नववीत आहे, हॅरी पॉटर मराठीतून वाचते आणि हर्मायनीवर फिदा आहे. एकदा तिने सहज विचारले, की मामू, अशी मुलगी आपल्या गोष्टींत का नाही? ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, हे तिने सांगितले नाही. मराठी म्हणून विचारत होती की मुसलमान म्हणून, मीही खोदून विचारले नाही. दोन्हींचे उत्तर एकच निघते. अशा मुली होत्या, आहेत. गोष्टी छोट्या करताना कात्री त्यांच्यावर चालली.

कात्रीचा सर्वात मोठा बळी म्हणजे परीजाद. हे नाव किती वाचकांनी ऐकले असेल, मला शंका आहे, म्हणून तिची गोष्ट जरा सावकाश सांगतो.

इराणचा बादशहा खुसरोशाह तीन बहिणींपैकी धाकटीशी निकाह करतो. थोरल्या दोघी जळतात. तिला मूल झाले की ते टोपलीत घालून कालव्यात सोडतात आणि बादशहाला सांगतात, की पहिल्यांदा कुत्र्याचे पिल्लू झाले, मग मांजराचे, मग लाकडाचा ओंडका. बेगम कैदेत पडते. मुले मात्र शाही बागांच्या अधिकाऱ्याच्या हाती लागतात आणि त्याच्या घरी वाढतात. बहमन, परवेझ आणि धाकटी परीजाद. भावांना शिकवायला उस्ताद येतो, तर ही हट्टाने त्यांच्याबरोबर बसते. लिहिणे-वाचणे, इतिहास, भूगोल, शायरी. पुढे घोडेस्वारी, तिरंदाजी आणि भालाफेकसुद्धा. शर्यतीत भावांना मागे टाकते.

एक दिवस नमाजासाठी थांबलेली एक म्हातारी तिला सांगते, की तुमच्या या सुंदर घरात तीन गोष्टींची उणीव आहे. बोलणारा पक्षी, गाणारे झाड आणि सोनेरी पाणी. बहमन निघतो. जाताना बहिणीला सुरा देऊन जातो. पाते स्वच्छ असेल तोवर मी जिवंत, रक्त दिसले की समज. एक दिवस रक्त दिसते. मग परवेझ मोत्यांची माळ देऊन निघतो आणि एक दिवस मणी सरकेनासे होतात. परीजाद रडत बसत नाही. पुरुषाचा वेश करते, घोड्यावर बसते आणि वीस दिवसांची वाट कापून वाटेवरच्या दरवेशापर्यंत पोचते.

अट अशी असते, की डोंगर चढताना मागे वळून पाहायचे नाही. पाहिले की काळा दगड. चहूकडून न दिसणारे आवाज शिव्या देतात, हिणवतात, धमकावतात. भाऊ शूर होते. पण आवाज ऐकून मागे वळले आणि दगड झाले. परीजाद दरवेशाचे म्हणणे नीट ऐकून घेते, विचार करते आणि कानात कापूस घालते. तलवार नाही, जादू नाही, चिमूटभर कापूस. ती थेट माथ्यावर जाते आणि पिंजऱ्यावर हात ठेवते. उतरताना पाणी शिंपडत येते. फक्त भाऊ नाही, आजवर दगड झालेले सगळे शहजादे जिवंत होतात. परत निघताना पुढे कोण चालणार, म्हणून ती थांबते. त्या सगळ्या मर्दांपैकी एकही तिच्यापुढे घोडा घालायला तयार होत नाही. ती पुढे, जमाव मागे.

शेवट आणखी गमतीचा. पक्ष्याच्या सल्ल्याने ती बादशहाला जेवायला काकडीत मोती भरून वाढते. बादशहा चकित होऊन म्हणतो, मोती कुणी खाते का? पक्षी विचारतो, की यावर एवढे आश्चर्य, मग बेगमला कुत्रे-मांजर झाले हे कसे पटले? बेगम कैदेतून सुटते. म्हणजे मुलगी भावांना सोडवते, परक्यांना सोडवते आणि आईलाही. किशोरांच्या कुठल्या अद्भुत कादंबरीत याहून जास्त असते, मला सांगा.

ही गोष्ट कुठून आली, हाही किस्साच आहे. अंत्वान गालां नावाच्या फ्रेंच विद्वानाने १७०४ पासून ‘अलिफ लैला’चे फ्रेंच भाषांतर काढायला सुरुवात केली. हाताशी असलेल्या अरबी हस्तलिखितातल्या गोष्टी संपल्या आणि १७०९ मध्ये पॅरिसात त्याची गाठ हन्ना दियाब या तरुणाशी पडली. हन्ना अलेप्पोचा, मारोनी ख्रिस्ती. त्याने गालांला तोंडी गोष्टी सांगितल्या. अल्लाउद्दीन त्याची, अलीबाबा आणि मर्जिना त्याची, परीजादही त्याचीच. गालां १७१५ मध्ये वारला आणि शेवटचे दोन खंड, ज्यांत मर्जिना आणि परीजाद आहेत, १७१७ मध्ये निघाले. त्यांत हन्नाचे नाव कुठेच नव्हते. त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींचे हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होते, ते छापून यायला २०१५ साल उजाडले. सांगणाऱ्याचे नाव गाळायची सवय नायिकांपुरती मर्यादित नव्हती, हे ध्यानात ठेवा. आणि ज्यांना या गोष्टी शंभर टक्के ‘इस्लामी’ वाटतात, मग ते अभिमानाने म्हणोत की नाक मुरडून, त्यांनीही हन्नाचा धर्म ध्यानात ठेवावा.

आता नंदुरबारकडे येतो. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. वर्तमानपत्रांत आम्ही बहुधा कुपोषणाच्या बातमीत असतो. पण सुरत-बऱ्हाणपूर ही एके काळची मोठी वाट आमच्या नवापूर-नंदुरबारवरून जात होती. सतराव्या शतकात तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असे लिहून गेला. (आजही नवापूरकर हे ऐकले की खूश होतात.) त्याच्याही तीनशे वर्षे आधी इब्न बतुता इथून गेला. १३४२ मध्ये मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून तो दिल्लीहून चीनकडे निघाला होता. दौलताबादहून नंदुरबार आणि तिथून पुढे खंबायत. नंदुरबारचे लोक मरहट्टे, कारागिरीत निपुण, वैद्य आणि ज्योतिषी, अशी नोंद त्याने ठेवली आहे. ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, हेही लिहिले आहे.

या माणसाच्या प्रवासवर्णनात मला सापडलेल्या तीन बायका भाचीच्या प्रश्नाला थेट भिडतात. पहिली रझिया. १२३६ ते १२४० ती दिल्लीच्या तख्तावर होती. पुरुषांसारखी घोड्यावर बसून, धनुष्य-भाता घेऊन, चेहरा न झाकता बाहेर पडायची, असे शंभर वर्षांनंतर त्याला दिल्लीत ऐकायला मिळाले. दुसरी मालदीवची सुलताना खदीजा. तिच्या राज्यात तो स्वतः काझी होता, म्हणजे एका बाईच्या हाताखाली नोकरी केली. या दोघी इतिहासातल्या. तिसरी आहे उर्दुजा आणि तिथे इतिहास संपून अद्भुत सुरू होते.

चीनच्या वाटेवर तवालिसी नावाच्या देशात त्याला ही शहजादी भेटली, असे तो सांगतो. ती तुर्की बोलते, दौत आणि कागद मागवून स्वतःच्या हाताने बिस्मिल्ला लिहून दाखवते. तिच्या फौजेत बायका आहेत आणि त्या मर्दांसारख्या लढतात. लग्नासाठी राजपुत्र येतात, तर हिची अट एकच, की मला झुंजीत हरवेल त्याच्याशी. हरलो तर अब्रू जाईल, या भीतीने कुणी पुढे येत नाही. वर ती इब्न बतुताला मिऱ्यांच्या देशाची, म्हणजे आपल्या हिंदुस्तानची, दौलत विचारते आणि म्हणते की तो मुलूख मला जिंकायला हवा. तवालिसी नेमके कुठे, यावर विद्वानांचे आजवर एकमत नाही. बरेच जण ही मनोरचना मानतात. पण फिलिपिन्समधल्या पांगासिनान प्रांताने उर्दुजाला आपली मानले आणि २००८ मध्ये तिथे तिच्यावर मुलांसाठी कार्टूनपट निघाला. एका मोरोक्कन मौलवीने सांगितलेली मुलगी सहाशे-साडेसहाशे वर्षांनी पोरांच्या पडद्यावर तलवार चालवते आहे. ज्या प्रवासात तिची गोष्ट त्याला मिळाली, त्याच प्रवासातला एक मुक्काम आमचे गाव होते. हे इथल्या शाळेत कुणी सांगत नाही.

आमच्या जिल्ह्याला स्वतःची नायिका आहेच. अक्कलकुवा म्हटले की मुस्लिम वाचकाला तिथला जामिया आठवतो. त्याच तालुक्याची हद्द ओलांडली की गुजरातच्या सागबारा तालुक्यात देवमोगरा आहे. महाशिवरात्रीला सातपुड्यातले आदिवासी डोक्यावर बांबूच्या टोपल्यांत धान्य घेऊन तिथे जातात. ती याहामोगी, म्हणजे मोगी आई. दुष्काळात लोकांना धान्य देऊन जगवणारी बाई, असे तिच्याबद्दल सांगतात. तिच्यावर बोलायचा हक्क ज्यांची ती आई आहे त्यांचा, म्हणून मी इथेच थांबतो. एवढेच म्हणतो, की तिची गाथा सातपुड्याच्या पोरीला पाठ असते आणि पाठ्यपुस्तकात शोधावी लागते.

मराठीत या गोष्टी कशा आल्या, ते पाहू. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून आणायला घेतल्या. पुढे विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते काम तडीस नेले. ज्या विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ स्वधर्म-स्वभाषेच्या अभिमानाने ओथंबलेली, त्यांच्याच घरातून बगदाद मराठी माजघरात आले, ही मला नेहमी मौजेची गोष्ट वाटते. वाचणाऱ्यांत बायका-मुले होती. पण पुढे या भांडारातून शालेय वयाच्या मुलांसाठी पातळ पुस्तके निघाली, तेव्हा निवड झाली ती अल्लाउद्दीन, अलीबाबा आणि सिंदबादची. तिन्ही पुरुष. शहरजाद, जिने हजार ग्रंथ जमवून वाचले होते आणि त्या वाचनाच्या जोरावर स्वतःसकट शहरातल्या मुली वाचवल्या, ती प्रस्तावनेतल्या दोन ओळींत आटोपली. अर्थात तिच्या कथेची चौकट मुलांना जशीच्या तशी सांगणे अवघड, हे मला कबूल आहे. परीजादच्या बाबतीत ती सबब चालत नाही. तिच्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

दख्खनच्या स्वतःच्या गोष्टींचेही तसेच झाले. मेरी फ्रिअर ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात बापासोबत दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिने आपल्या आयेकडून, अ‍ॅना लिबेराता डिसूझाकडून, गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. १८६८ मध्ये त्यांचे ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघाले. अ‍ॅनाचे घराणे मुळात लिंगायत, आजोबा गोव्याकडे ख्रिस्ती झालेले, गोष्टी आजीकडून आलेल्या. त्यांत एक शेवंतीबाई आहे. ती पुरुषवेश करून शेवंतीराजा म्हणून वावरते, रात्रीच्या पहाऱ्यावर राक्षसीवर तलवार चालवते आणि हरवलेल्या नवऱ्याला शोधून काढते. मेरीने नावातच ‘शूर’ हे विशेषण लावले. लंडनच्या पोरांनी शेवंतीबाई वाचली. मी मात्र मराठी बालवाङ्मयाच्या कपाटात तिला कधी पाहिले नाही. तिथे फास्टर फेणे आहे आणि तो मला आजही आवडतो. ताम्हनकरांनी गोट्याबरोबर चिंगीही दिली, पण चिंगी घरा-अंगणातली. डोंगर चढून जाणारी, दगडांना जिवंत करणारी मुलगी शोधायला माझ्या भाचीला इंग्रजी शाळेच्या जादूपर्यंत जावे लागते.

उर्दूत परिस्थिती वेगळी होती. लखनऊच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चे ४६ खंड काढले. त्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त बंडखोर फौजेची सूत्रे मलिका महरुखच्या हाती आहेत. बहार अशी जादूगरीण, की ती वसंत फुलवते आणि शत्रूची फौज वेडी होते. सरसर शमशीरजन ही तर अय्यारा, म्हणजे वेशांतर, कमंद आणि बेशुद्धीच्या पुडीत तरबेज हेर. ती अमर अय्यारसारख्या नामचीन उस्तादाच्या तोंडाला फेस आणते. ही दास्तान बाजारात, चौकात सांगितली जाई, पोरेही ऐकत बसत. १९०५ मध्ये रुकैया सखावत हुसैन यांनी मद्रासच्या मासिकात इंग्रजीतून ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिली. त्यात पुरुष पडद्यात बसतात आणि बायका सूर्याच्या उष्णतेने लढाई जिंकतात, हवेतून फिरतात. पाश्चात्त्यांच्या कुमार अद्भुतकथेत तेव्हा अ‍ॅलिस (१८६५) आणि डोरोथी (१९००) होत्या. दोघी चुकून दुसऱ्या जगात पडलेल्या. डोरोथी घरी जायची वाट शोधत राहते. ल ग्विनची टेनार १९७१ ची, पुलमनची लायरा १९९५ ची. हर्मायनी त्यानंतरची. तारखा समोर ठेवल्या की कोण कुणाच्या मागून आले, ते दिसते.

मी या जुन्या बायकांना आजच्या मापाने मोजत नाही. मर्जिना गुलाम आहे. एवढे करून तिला बक्षीस काय, तर गुलामीतून मुक्ती आणि मालकाच्या मुलाशी निकाह. तिला काय हवे होते, कुणी विचारत नाही. होशरुबातल्या शहजाद्या शत्रूच्या देखण्या जवानावर भाळून बाजू बदलतात, तेही पुन्हा पुन्हा. हे दोष मुलांपासून लपवू नयेत, त्यावर बोलावे. भाचीला मर्जिनाचा शेवट मुळीच पटला नाही. तिच्या मते गुहेचा परवलीचा शब्द मर्जिनाला ठाऊक असणार, तर तिने सोने घेऊन सरळ निघून जायला हवे होते. मला उत्तर सुचले नाही.

मराठी मुसलमान मुलीचा प्रश्न आणखी एका पायरीने अडतो. मराठी पुस्तकांत तिला तिच्यासारख्या नावाची मुलगी भेटते ती बहुधा ईदच्या धड्यात, शिरखुर्म्याची वाटी घेऊन. किंवा चांदबीबी. १५९५-९६ च्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी थोरच, पण ती सुलताना आहे, तिला लढावेच लागले. आणि तिच्या बाबतीतही आपण इतके बेफिकीर, की नगरजवळच्या डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला खुशाल ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. नसीम, शबाना, आयेशा अशा साध्या नावाची पोर एका सकाळी कानात कापूस घालून डोंगर चढायला निघाली, अशी मराठी अद्भुत कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. तोरणमाळचे पठार, तिथला यशवंत तलाव, अस्तंभ्याचे शिखर, दिवाळीत अश्वत्थाम्याच्या नावाने रात्री चढणारी माणसे, हे सगळे जिल्ह्यात तयार आहे. लिहिणारी हवी. भाचीने एका वहीत सुरुवात केली आहे आणि मला दाखवत नाही.

तोवर वाचायचे असेल तर मराठीत एक खजिना आहे. बर्टनने १८८५ मध्ये ‘अरेबियन नाइट्स’चे दहा खंड आणि १८८६ ते १८८८ मध्ये सहा पुरवणी खंड काढले. ते सोळाच्या सोळा गौरी देशपांडे यांनी मराठीत आणले. इरावती कर्वे यांची ही मुलगी, स्वतः कादंबरीकार, नायिकांना कुणाच्या पंखाखाली न ठेवणारी. चिपळूणकरी मराठीत मुरलेले बगदाद एका बाईने पुन्हा पहिल्यापासून लिहून काढले, काहीही न गाळता. मोठ्यांनी आधी स्वतः वाचावे आणि मग निवडून मुलांना सांगावे, कारण बर्टन हे पोरांचे पुस्तक नव्हे. आणि ग्रंथालयात पहिले दहा खंड चाळून परत ठेवू नका. मर्जिना आणि परीजाद दोघीही पुरवणीत आहेत.